ताळा

प्रतिवर्षी माघ महिना लागला, की आमच्या या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात दोन कामांची एकदमच घाई उडते. एकीकडे मृग बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झालेली असते, आणि दुसरीकडे दहावीची परीक्षा दाराशी येऊन ठेपलेली असते. दिवसा बागेत घरच्यांना हातभार लावून संध्याकाळी शाळेच्या अभ्यासिकेत येणारी मुले मी पाहते. त्यांच्या हातांना संत्र्याच्या सालीचा वास असतो आणि वह्यांत करणी व वर्गसमीकरणे यांची उदाहरणे एकाखाली एक मांडलेली असतात. मी कलाशाखेची पदवीधर आहे. शाळेत मराठी व इतिहास शिकविते. अभ्यासिकेतील माझे काम केवळ देखरेखीचे. मुलांनी गलका करू नये आणि दिवे मालविल्यावाचून कोणी जाऊ नये, इतकेच. तथापि गेले दोन हिवाळे त्या वह्या डोळ्यांखालून घालताना माझे एक मत बनले आहे, ते येथे मांडण्याचे धाडस करते. गणिताच्या शिक्षकबंधूंनी हे सीमोल्लंघन उदार मनाने सोसावे.

मत असे, की आमची मुले उदाहरणे पुष्कळ सोडवितात, परंतु ताळा करीत नाहीत. आणि ताळ्यावाचून सोडविलेल्या शंभर उदाहरणांना सराव म्हणण्यास माझे मन तयार होत नाही.

‘ताळा’ हा शब्द आजच्या मुलांच्या कानांवरून जवळजवळ गेलाच आहे. त्यांच्या आजोबांच्या पिढीत पावकी-निमकीबरोबर नवाचा ताळाही शिकवीत असत. गुणाकार झाला, की अंकांची बेरीज करून नवाने तपासल्यावाचून पाटी खाली ठेवता येत नसे. आता पाटी गेली, आणि तिच्याबरोबर ताळाही गेला. त्याची जागा पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांनी घेतली.

गेल्या वर्षीचीच गोष्ट सांगते. अभ्यासिकेतील एका मुलाने पुढील उदाहरण घेतले होते: एका बागेत जितक्या ओळी आहेत त्याहून प्रत्येक ओळीत ४ झाडे अधिक आहेत, आणि एकूण झाडे ३२० आहेत, तर ओळी किती? त्याने ओळींना क्ष मानून क्ष² + ४क्ष − ३२० = ० हे समीकरण अगदी नीट मांडले. पुढे अवयव पाडताना मात्र चिन्हे उलटली, आणि उत्तर आले २०. त्याने शेवटचे पान उघडले, तेथे १६ छापलेले दिसले. त्याने शांतपणे २० खोडले, १६ लिहिले, आणि पुढचे उदाहरण घेतले. वरच्या ओळींतील चूक होती तशीच राहिली. मी विचारले, “हे कसे झाले?” तो म्हणाला, “उत्तर बरोबर आलं न बाई.” मागच्या बाकावरच्या एका मुलीने मान वर केली. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. ती म्हणाली, “वीस ओळी धरल्या तर एका ओळीत चोवीस झाडं येतात. चारशे ऐंशी झाली न ती! तीनशे वीस कुठं?” तिने कागदाला हातही लावला नव्हता. बागाइतदाराच्या घरी झाडांची संख्या तोंडपाठ असते. खत, फवारणी, पाणी, सारे त्या आकड्यावर चालते. तो आकडा चुकला तर घरात कोणीतरी लगेच हटकतो. त्या मुलीने घरची ती सवय तेवढी बाकावर आणली होती.

मला त्या क्षणी ज्या गोष्टीची जाणीव झाली, तीमुळेच हा लेख लिहिण्यास बसले आहे. आमच्या पुष्कळ मुलांच्या घरी त्यांची गणिताची वही वाचू शकेल असे कोणी नाही. आईवडील बागेत, शेतात, दुकानात किंवा रोजगारावर असतात. त्यांनी शाळा सोडली तेव्हा करणीचे चिन्ह त्यांनी पाहिलेलेही नव्हते. शहरातील मुलास चूक दाखविणारा शिकवणीचा मास्तर मिळतो. आमच्या मुलास रात्री नऊनंतर कोण मिळणार? त्याच्याजवळ उरते ते एक शेवटचे पान, आणि परीक्षेच्या दालनात तेही नसते. ज्याला आपले उत्तर खरे की खोटे हे स्वतः ठरविता येते, तो मुलगा एकटा असला तरी निराधार नसतो. गरीब घरच्या मुलास ताळा अधिक लागतो, असे मी म्हणते ते याच अर्थाने.

हे सांगण्याचा अधिकार मला माझ्या यशाने आलेला नाही. माझे माहेर गोव्याचे. घरची बोली कोंकणी, प्राथमिक शाळा मराठी आणि पाचवीपासून सारे इंग्रजी. करणीचा परिचय मला ‘सर्ड’ या नावाने झाला. तो शब्द मुळात ‘बहिरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, हे मला फार पुढे कळले. त्या वेळी बहिरी मीच होते. समजेना, म्हणून मी चाळीस उदाहरणे मुखोद्गत केली. प्रश्नपत्रिकेत त्यांपैकी एक वर्गसमीकरण आले, पण मधल्या पदाचे चिन्ह पालटून. मी पाठ केलेले उत्तर उतरविले. दोन ओळींचा ताळा केला असता तर चूक समोर उभी राहिली असती. पण ताळ्याला गुण नसतात, असे आम्हांस वर्गात सांगितलेले होते. काठावर उत्तीर्ण झाले आणि त्यानंतर गणिताचे पुस्तक उघडले नाही. मला इतिहास आवडतो, हे खरेच; परंतु मी कलाशाखा निवडली ती पूर्णपणे आवडीने, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आणि गंमत अशी, की ताळा माझ्या घरातच होता. आमचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते; गोव्यात त्याला पोसरो म्हणतात. आई जेमतेम चौथी शिकलेली. ती उधारीच्या वहीतील बेरीज एकदा वरून खाली करी व एकदा खालून वर करी, आणि दोन्ही जुळल्याशिवाय गिऱ्हाइकाला आकडा सांगत नसे. माझ्या हाती वही दिली की एकच म्हणे, “परतून पळय.” पुन्हा पाहा. दुकानातील हा नियम शाळेच्या वहीलाही लागू आहे, हे मला कोणी सांगितले नाही आणि माझ्याही ध्यानी आले नाही.

आता करणीकडे वळते. आमच्या मुलांना या शब्दाचेच प्रथम भय वाटते, आणि ते अगदीच अकारण नाही. खेड्यात ‘करणी’ म्हटले की कोणीतरी कोणावर काहीतरी केले, असाच अर्थ मनात येतो. वस्तुतः गणितातील करणी ही फार जुनी व सज्जन बाई आहे. यज्ञवेदी मोजण्याच्या शुल्बसूत्रांत चौरसाच्या बाजूला, म्हणजे चौरस ‘करणारी’ रेषा या अर्थाने, करणी म्हणत, आणि जी बाजू घेतली असता दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस होतो ती द्विकरणी. आजच्या भाषेत तीच √२. ही मोजणी दोरी आणि खुंट्या यांनीच होत असे. आमच्याकडे बागेची आखणी आजही दोरी व खुंट्यांनी होते. दोन झाडांमध्ये ६ मीटर अंतर ठेवून चौरस आखला, तर त्याचा कर्ण ६√२, म्हणजे सुमारे ८.४९ मीटर येतो. जाणता माणूस चारी बाजू सारख्या झाल्या एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही कर्ण दोरीने मोजतो, ते सारखे आले तरच कोपरा गुण्यात आहे असे मानतो. हा ताळाच झाला.

बौधायनाच्या शुल्बसूत्रात √२ ची किंमत काढण्याची रीत दिली आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला असता ५७७/४०८ हा अपूर्णांक येतो. तो कितपत खरा, हे आठवीतील मुलगाही तपासू शकेल. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक केवळ एकाचा! मी हे फळ्यावर करून दाखविले तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली, आणि इतिहासाच्या तासाला अशी शांतता मला क्वचितच लाभते.

परंतु परीक्षेच्या वहीत मुले लिहितात काय? √८ + √१८ = √२६. ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे, की ती साथीच्या रोगासारखी पसरत असावी असे वाटते. तिच्यावर औषध साधे आहे. √२५ म्हणजे ५. तेव्हा √२६ पाचाहून किंचितच मोठा. उलट √१८ एकटा चाराहून मोठा, √८ अडीचाहून मोठा. दोघे मिळून साडेसहाच्या पलीकडे जाणार. मग ते √२६ कसे होतील? आता रीतीने करावे: २√२ + ३√२ = ५√२, म्हणजे सुमारे ७.०७. अंदाज आणि उत्तर यांची तोंडे एकमेकांकडे वळली. छेदाच्या परिमेयीकरणाचेही तसेच. १/(√३ − √२) याचे उत्तर √३ + √२ येते, हे मुले यंत्रवत् लिहितात. त्यांना म्हणावे, १.७३२ आणि १.४१४ घेऊन पाहा. वजाबाकी ०.३१८, तिने १ ला भागा, भागाकार ३.१४च्या आसपास. बेरीज ३.१४६. जुळले. (यावर एका चौकस मुलाने, “बाई, हा पाय आहे का?” असे विचारले. नाही, पाय ३.१४१५९ पासून सुरू होतो. हा निव्वळ योगायोग, आणि योगायोगालाही ताळा लावून पाहावा लागतो.)

वर्गसमीकरणात ताळा याहूनही अपरिहार्य आहे, कारण तेथे उत्तरे दोन येतात. बागेच्या त्या उदाहरणाकडे पुन्हा येते. बरोबर अवयव पाडल्यावर १६ आणि −२० अशी दोन मुळे मिळाली. त्याच मुलीने विचारले, “बाई, उणे वीस ओळींचं काय करायचं?” मला सांगता येईना. आमच्या गणिताच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी हसून सांगितले, की −२० समीकरणात घालून पाहा. घातले. ४०० − ८० − ३२० = ०. समीकरण तक्रार करीत नाही! इतकेच नव्हे, −२० मध्ये ४ मिळविले की −१६, आणि −२० गुणिले −१६ बरोबर ३२०. समीकरणाची प्रत्येक अट उणे वीसने पाळली. पाळली नाही ती फक्त बागेने. तेव्हा ताळे दोन करावयाचे असतात: एक समीकरणाशी आणि दुसरा मूळ प्रश्नातील वस्तुस्थितीशी. ‘ऋण उत्तर अग्राह्य’ हे वाक्य आमची मुले सवयीने लिहितात. ते का अग्राह्य, हे त्यांपैकी फार थोडी सांगू शकतील.

हा भेद आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणितात’ वानरांची दोन उदाहरणे दिली आहेत. एकात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळत आहे आणि १२ वानर टेकडीवर आहेत. तेथे १६ आणि ४८ अशी दोन उत्तरे येतात आणि दोन्ही ग्राह्य ठरतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत गेला आहे आणि एक वानर फांदीवर दिसतो. येथे ५० आणि ५ अशी उत्तरे येतात. पाचही धन संख्या आहे. तरीही ते घ्यावयाचे नाही, कारण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ कसे वजा करणार? उणे दोन वानर लोकांना मान्य होत नाहीत, असे आचार्यांचे म्हणणे. उत्तर धन आहे म्हणून घ्यावे आणि ऋण आहे म्हणून टाकावे, एवढ्याने भागत नाही. प्रश्नात परत जाऊन पाहावे लागते.

‘लीलावती’तील भुंग्यांचे उदाहरण तर करणी आणि वर्गसमीकरण यांचा संगमच आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ एका फुलझाडाकडे गेले, थव्याचे आठ-नवमांश दुसरीकडे गेले, आणि एक जोडपे उरले. थवा ७२ चा. ताळा पाहा: ३६ चे वर्गमूळ ६, आठ-नवमांश ६४, आणि २; मिळून ७२. परंतु आजच्या रीतीने वर्ग करून हे उदाहरण सोडविले, तर ७२ च्या जोडीला साडेचार हेही एक मूळ हाती लागते. साडेचार भुंगे! बरे, अर्धा भुंगा क्षणभर पोटात घातला तरी बेरीज जुळत नाही. दीड, चार आणि दोन मिळून साडेसात होतात. वर्ग करताना उणे चिन्ह पुसले जाते आणि असा तोतया आत शिरतो. बागेच्या उणे वीसने निदान समीकरणाशी इमान राखले होते. हा तोतया मूळ समीकरणाच्या दारातच पकडला जातो. अर्थात, दारावर ताळा उभा असेल तर.

या भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे; आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याची त्यात नोंद आहे. ज्या सूत्राने आपण वर्गसमीकरण सोडवितो, त्याला हिंदी पुस्तकांत श्रीधराचार्यांचे नाव दिलेले असते. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचा नियम भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात नावानिशी उतरवून घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

हिंदी पुस्तकांचा उल्लेख आला, तेव्हा आमच्या मुलांची आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि सौंसर त्यात आले. या साऱ्या फेरबदलांत घरची मराठी घरातच राहिली, परंतु बाजारात मिळणारी सरावपुस्तके बहुधा हिंदी असतात. वर्गात ‘वर्गसमीकरण’, पुस्तकात ‘द्विघात समीकरण’. येथे ‘विवेचक’, तेथे ‘विविक्तकर’. येथे ‘अवयव’, तेथे ‘गुणनखंड’. तीन भाषांतून शिकलेल्या मला या गोंधळाची चव ठाऊक आहे. शब्द परका झाला, की मूल समजण्याचा नाद सोडते आणि पाठ करू लागते. ताळ्याला मात्र कोणतीच भाषा लागत नाही. १६ गुणिले २० हे भोपाळलाही ३२० आणि नागपुरासही ३२०.

गणिताच्या सरांचा यावर एक आक्षेप आहे, आणि तो मी लपवीत नाही. ते म्हणतात, तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत ताळ्याला वेळ कोठून आणावा? करणीयुक्त मूळ समीकरणात घालून पाहणे हे लांबलचक काम आहे. हे खरे आहे, आणि परीक्षेच्या दालनात कोणी प्रत्येक उदाहरण दोनदा सोडवावे, असे मी म्हणणार नाही. पण त्यांनीच मला एक आडवाट दाखविली. मुळांची बेरीज आणि गुणाकार पाहावा. क्ष² − ४क्ष + १ = ० याची मुळे २ + √३ आणि २ − √३. बेरीज ४, गुणाकार ४ − ३ = १. करण्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि समीकरणातील आकडे जसेच्या तसे बाहेर येतात. याला अर्धे मिनिट पुरते. बागेच्या मुळांची बेरीज −४, गुणाकार −३२०, जुळले. त्या मुलाच्या २० आणि −१६ ची बेरीज मात्र +४ आली असती, आणि शेवटच्या पानाकडे न जाताच चूक सापडली असती.

सरावाच्या दिवसांत तर वेळेची सबब चालणारच नाही. एका रात्रीत दहा उदाहरणे उरकण्यापेक्षा चार करावीत आणि चारींचा ताळा वहीत लिहावा. शाळेच्या चाचण्यांतून ताळ्याला अर्धा गुण ठेवावा, अशी माझी मुख्याध्यापकांना व गणिताच्या सरांना विनंती आहे. मुले गुणांच्या मागे धावतात याचा आपण मोठ्या माणसांनी उपहास करतो. मग गुण योग्य ठिकाणी ठेवणे आपल्याच हाती नाही काय? आणि पालकांना एवढेच सांगणे, की मुलाची वही आपल्याला वाचता येत नाही म्हणून दूर ठेवू नका. “उत्तर काय आले, आणि ते खरे कशावरून?” हे विचारण्यास बीजगणित यावे लागत नाही.

या वर्षी अभ्यासिकेत आम्ही पुस्तकांची शेवटची पाने टाचणीने बंद केली आहेत. पहिले आठ दिवस कुरकुर झाली. एकदोन टाचण्या गुपचूप निघाल्याही. गेल्या आठवड्यात त्या मुलीचे वडील तिला न्यायला आले होते. तोडीचे दिवस, त्यांना पहाटे पुन्हा बागेत जायचे होते. ती दप्तर आवरीपर्यंत ते तिच्या उघड्या वहीकडे पाहत उभे राहिले, आणि “हे काय आहे?” म्हणून त्यांनी विचारले. ती म्हणाली, “बागेचं गणित. सोळा ओळी, एका ओळीत वीस झाडं, तीनशे वीस व्हायला पाहिजेत.” त्यांनी क्षणभर बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजले. “सोळा विसे तीनशे वीस,” ते म्हणाले, “बरोबर आहे. चल.”